टोक नसलेला रेणू

आरएनए हाताळायला शिकवणारी व्यक्ती पहिल्या दिवशी आरएनएबद्दल फारसं बोलतच नाही, आपल्या हातांबद्दल बोलते. हातमोजे घाल. मोजे घातलेल्या हाताने चष्मा सारखा केलास किंवा दाराची कडी उघडलीस तर ते बदल. नळी उघडी असताना तिच्यावर वाकून बोलू नकोस. सगळं बर्फात ठेव. कारण आपल्या त्वचेवर, घामात, लाळेत आरएनएचे तुकडे करणारी एन्झाइम्स कायम असतात आणि त्यांतली काही इतकी चिवट, की उकळत्या पाण्यातूनही सहीसलामत बाहेर पडतात. प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षांत मी सर्वांत जास्त मनावर घेतलेला धडा हाच होता: आरएनए टिकत नाही. पेशीलाही तो टिकून चालत नाही. जनुकातला मजकूर उतरवून घ्यायचा, त्यावरून प्रथिन बनवायचं आणि ती प्रत मोडून टाकायची, म्हणजे पुढच्या क्षणी वेगळं काही हवं असेल तर जुनी प्रत आड येत नाही.

म्हणूनच आरनेज-आर या एन्झाइमचा प्रयोग माझ्या मनातून कधी गेला नाही. उंदराच्या मेंदूच्या पेशींतून काढलेला आरएनए नळीत घ्यायचा, त्यात हे एन्झाइम टाकायचं आणि ३७ अंश सेल्सिअसवर काही वेळ ठेवायचं. आरनेज-आर आरएनएचा धागा टोकाकडून कुरतडत जातं. मोकळं टोक सापडलं, की बहुतेक धागे संपवूनच ते थांबतं. एवढं झाल्यावर नळीत फार काही उरायला नको. पण उरतं. ज्या धाग्याला टोकच नाही, ज्याची सुरुवात त्याच्याच शेवटाला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेली आहे, त्याला हे एन्झाइम हात लावू शकत नाही. तो असतो वर्तुळाकार आरएनए.

अर्थात ‘काहीतरी उरलं’ एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. मग पीसीआर करायचं, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. नेहमीच्या पीसीआरमध्ये दोन प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे तुकडे, एकमेकांकडे तोंड करून लावतात आणि त्यांच्यामधला तुकडा वाढत जातो. वर्तुळ शोधताना ते मुद्दाम एकमेकांकडे पाठ करून लावायचे. धागा सरळ असेल तर दोघे दोन दिशांना निघून जातात, हाती काहीच लागत नाही. धागा गोल असेल तर ते मागच्या बाजूने फिरून एकमेकांना गाठतात आणि जेलवर पट्टी दिसते. त्या पट्टीतला क्रम वाचला, की सांधा समोर येतो: जनुकाचा पाचवा एक्सॉन, म्हणजे शेवटच्या प्रतीत राहणारा पाचवा तुकडा, संपतो आणि त्याला लागून सहावा नव्हे, दुसरा एक्सॉन सुरू होतो. होमर१ या जनुकाचा असा सांधा मी पहिल्यांदा स्क्रीनवर वाचला, तेव्हा जेवणाची वेळ टळून गेल्याचं भानही नव्हतं. पुढे जायचं सोडून मजकूर मागे वळला होता आणि ही चूक नव्हती. उंदरात आणि माणसात तो अगदी त्याच ठिकाणी वळतो.

हे वळणं घडतं ते स्प्लायसिंगच्या वेळी. जनुकाची कच्ची प्रत निघाली, की तिच्यातले मधले भाग म्हणजे इन्ट्रॉन कापून टाकले जातात आणि एक्सॉन ओळीने जोडले जातात. कधी कधी जोडणी उलटी होते, पुढच्या एक्सॉनचा शेवट मागच्या एक्सॉनच्या सुरुवातीला जाऊन मिळतो. शेजारच्या इन्ट्रॉनमध्ये एकमेकांना पूरक असे क्रम असले तर ते एकमेकांना चिकटतात आणि धाग्याची दोन ठिकाणं जवळ येतात. काही प्रथिनंही, उदाहरणार्थ मसलब्लाइंड आणि क्वेकिंग, हे काम करतात.

गंमत म्हणजे हे रेणू नवे नाहीत. बटाट्याच्या रोपांना रोग करणाऱ्या व्हायरॉइडचा आरएनए गोल असतो हे १९७६ सालीच कळलं होतं. १९७९ मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या हेला पेशींतल्या आरएनएची वर्तुळं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. १९९१ मध्ये कर्करोगाशी संबंधित डीसीसी या जनुकात एक्सॉनचा क्रम उलटसुलट आढळला, १९९३ मध्ये उंदराचं लिंग ठरवणाऱ्या एसआरवाय जनुकाचं वर्तुळ सापडलं. तरी पुढची जवळजवळ वीस वर्षं या वर्तुळांकडे कोणी गांभीर्याने पाहिलं नाही. त्याचं कारण आमच्या कामाच्या रीतीतच होतं. संदेशवाहक आरएनए वेगळा काढायचा तर आम्ही त्याच्या शेवटी असलेल्या ‘ए’ अक्षरांच्या लांब शेपटीला धरून काढतो. वर्तुळाला शेपटी नाही, त्यामुळे ते धुवून टाकलेल्या पाण्याबरोबर जायचं. चुकूनमाकून राहिलंच, तर उलट्या क्रमाचा तुकडा म्हणून संगणकाच्या गाळणीत अडकायचं. २०१२ साली स्टॅनफर्डमध्ये ज्युलिया साल्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फेकलेले तुकडे परत तपासले तेव्हा माणसाच्या शेकडो जनुकांची वर्तुळं त्यांत निघाली. विज्ञानात नवं यंत्र येतं तेव्हा त्याचा बराच गाजावाजा होतो. जुनी गाळणी काढून टाकण्याचं श्रेय मात्र क्वचितच कोणाला मिळतं. माझ्या लेखी या कामाचं मोल फार मोठं आहे.

मग लोक वर्तुळं शोधत अवयव पालथे घालू लागले आणि उत्तर पुन्हा पुन्हा एकाच दिशेने आलं: मेंदू. माशीच्या डोक्यात, उंदराच्या मेंदूत, माणसाच्या मेंदूत त्यांची इतर अवयवांच्या मानाने रेलचेल होती. २०१५ साली फ्रँकफर्टच्या एरिन शूमन आणि बर्लिनचे वेई चेन यांच्या गटांनी आणखी बारकाईने पाहिलं. मेंदूतली ही वर्तुळं सरसकट कुठल्याही जनुकांपासून निघालेली नव्हती. ज्या जनुकांवर चेतासंधीची, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाची, प्रथिनं अवलंबून असतात त्यांचा वाटा त्यात प्रमाणाबाहेर मोठा होता. शिवाय पेशीच्या मुख्य भागापासून दूर, फांद्यांमध्ये, चेतासंधींच्या आसपास ती जास्त सापडत होती.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण मेंदूबद्दलचा एक जुना प्रश्न याच जागी येऊन मिळतो. १९८४ साली, डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांनी विचारलं होतं: आठवण वर्षानुवर्षं टिकते, पण ज्या प्रथिनांनी चेतासंधी बनतो ती तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलली जातात. मग टिकतं ते नेमकं काय? विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न दर वर्षी घालते. मेंदूतला एखादा न मोडणारा रेणू शोधावा आणि तिथे आठवण साठवलेली आहे असं म्हणून मोकळं व्हावं, हा मोह पहिल्यांदा सगळ्यांनाच होतो. वर्तुळाकार आरएनए तर या भूमिकेसाठी अगदी तयार असल्यासारखा समोर येतो. सरळ संदेशवाहक आरएनए बहुधा काही तासांत मोडतो, तर पेशींच्या प्रयोगांत कित्येक वर्तुळं ४८ तासांहून जास्त टिकलेली दिसली आहेत. त्यात चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे जे साठतं ते वाटलंही जात नाही. टिकाऊ रेणू, न विभागणारी पेशी आणि चेतासंधीचा शेजार! याहून जास्त काय हवं?

पण प्रयोगांनी दाखवलेली दिशा वेगळीच आहे आणि मला ती या मोहापेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

होमर१ चेतासंधीच्या बांधणीचं जनुक आहे. त्यापासून होणारी लांब प्रथिनं, होमर१बी आणि होमर१सी, संदेश घेणाऱ्या ग्राहींच्या खालचा सांगाडा बांधून ठेवतात. पेशी उत्तेजित झाली, की हेच जनुक एक आखूड प्रथिन तयार करतं, होमर१ए. ते लांब प्रथिनाच्या जागी जाऊन बसतं, पण पुढचा दुवा धरून ठेवणारा भाग त्याच्यात नसतो, त्यामुळे जोडणी सैल होते. २०१७ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की झोपेत हे आखूड प्रथिन चेतासंधींत शिरतं आणि जागेपणी वाढलेली त्यांची ताकद थोडी उतरवतं. आता याच जनुकाच्या दुसऱ्या ते पाचव्या एक्सॉनचं वर्तुळ पाहा. शूमन आणि चेन यांच्या गटांनी चेतापेशींच्या जाळ्यावरचा आवर काढून घेणारं बायक्युक्युलिन हे रसायन घातलं, पेशी बेफाम संदेश पाठवू लागल्या आणि होमर१चं वर्तुळ वाढलं. म्हणजे बांधणारं, सैल करणारं आणि हे गोल, तिन्ही रूपं एकाच मजकुरातून निघतात, आणि मेंदूच्या हालचालीनुसार त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं.

२०२० साली न्यू मेक्सिको विद्यापीठात निकोलाओस मेलिऑस यांच्या गटाने याच वर्तुळावर काम प्रसिद्ध केलं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूंत, डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रॉन्टल भागात, हे वर्तुळ कमी आढळलं. मग त्यांनी उंदरांच्या मेंदूच्या त्याच भागात ते कमी केलं. नेम धरला होता वर्तुळाच्या सांध्यावर, कारण तो क्रम सरळ प्रतीत कुठेच नसतो.

उंदरांपुढे स्पर्शाने चालणारा पडदा असतो. त्यावर दोन आकृत्या दिसतात. एकीला नाक लावलं तर खाऊ मिळतो, दुसरीला लावलं तर नाही. उंदीर हे शिकतो. मग एके दिवशी नियम उलटा होतो. कालपर्यंत खाऊ देणारी आकृती आता काही देत नाही. उंदराला आधी जुनं थांबवावं लागतं, मग काही काळ तो अंदाजाने दोन्हीकडे जातो, निम्मं बरोबर, निम्मं चूक, आणि मग हळूहळू नव्या बाजूला स्थिरावतो. वर्तुळ कमी केलेले उंदीर या उलट्या नियमात अडखळले. त्यांच्या चुका वाढल्या.

हा प्रयोग मी वाचला तेव्हा मला आईची बोटं दिसली. आई एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होती. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तिच्या टेबलावरचा रेमिंग्टन पद्धतीचा टाइपरायटर गेला, संगणक आला आणि त्याच्याबरोबर इन्स्क्रिप्ट कळफलक आला. अक्षरांच्या जागा बदलल्या हे तर होतंच, पण खरी अडचण पहिल्या वेलांटीची होती. टाइपरायटरवर ‘किती’ लिहिताना वेलांटी आधी मारायची आणि मग ‘क’, कारण कागदावर ती ‘क’च्या आधी उभी असते. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने, आधी ‘क’ आणि मग वेलांटी. आईची बोटं वेलांटी आधी मारत राहिली आणि स्क्रीनवर ती ठिपक्यांच्या गोलावर एकटी लटकत राहायची. ‘दिवस’, ‘निकाल’, ‘विनंती’, ‘जिल्हा’, सरकारी मराठीत पहिल्या वेलांटीला तोटा नाही. सुरुवातीला ती ठामपणे चुकायची. मग एक काळ असा आला, की कधी बरोबर, कधी चूक, आणि तिला स्वतःलाच सांगता यायचं नाही की आता बोटं काय करतील. घरी जेवताना ती ताटाच्या कडेवर बोटं आपटत असायची. तो काळ तिच्यासाठी पहिल्या काळापेक्षा जास्त त्रासाचा होता, कारण आधी निदान भरवशाने चुकत होती. आणि मग एका पावसाळ्यात ते बसलं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका काकांच्या मशीनवर तिने हात ठेवला, तेव्हा बोटांनी पुन्हा वेलांटी आधी मारली. जुनं कुठेच गेलं नव्हतं.

उंदराच्या मेंदूतली गोष्ट जशीच्या तशी आईच्या मेंदूवर लावायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मधल्या, अंदाजाच्या टप्प्याबद्दल मला आदर वाटू लागला तो आईमुळे, आणि म्हणूनच मेलिऑस गटाच्या २०२२ सालच्या कामातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. होमर१चं वर्तुळ आणि लांब होमर१बीची प्रत यांचा चेतासंधीत उलटा संबंध असतो. एचयूडी नावाचं प्रथिन त्या लांब प्रतीला धरतं आणि वर्तुळ त्या धरण्यात अडथळा आणतं. वर्तुळाबरोबर होमर१बीही कमी केला, तर उंदरांची मधल्या, अंदाजाच्या टप्प्यातली अडचण दूर झाली. एकूण लवचीकता मात्र पूर्ववत झाली नाही. म्हणजे ‘नवं शिकणं’ असं आपण एका दमात म्हणतो, त्याच्या पोटात वेगवेगळे टप्पे आहेत, आणि त्या प्रत्येकाचं रसायन वेगळं असू शकतं.

दुसरं नावाजलेलं वर्तुळ म्हणजे सीडीआर१एएस. २०१३ साली बर्लिनमध्ये निकोलाउस राजेव्स्की यांच्या आणि डेन्मार्कच्या ऑरहूसमध्ये यॉर्गेन क्येम्स यांच्या गटाने एकाच वेळी ‘नेचर’मध्ये ते मांडलं. सुमारे दीड हजार अक्षरांच्या या वर्तुळावर मिआर-७ या चिमुकल्या आरएनएला बसायला सत्तरहून जास्त जागा आहेत. मिआर-७ इतर जनुकांच्या प्रती दाबून ठेवतो. तेव्हा हे वर्तुळ त्याला शोषून घेत असणार आणि त्या जनुकांना मोकळं करत असणार, असं सगळ्यांनी मानलं. ‘स्पंज’ हा शब्द रूढ झाला. पुढे कितीतरी वर्षं कुठलंही वर्तुळ सापडलं, की त्याला स्पंज ठरवणारे शोधनिबंध धडाधड निघाले. मला ती घाई पटली नाही, आजही पटत नाही.

कारण २०१७ साली राजेव्स्की यांच्याच गटाने उंदराच्या जनुकसंचातून सीडीआर१एएस पूर्ण काढून टाकलं तेव्हा चित्र उलटं निघालं. स्पंज काढला तर मिआर-७ मोकाट सुटायला हवा होता. तो मेंदूत कमी झाला. म्हणजे वर्तुळ त्याला नुसतं अडवत नव्हतं, सांभाळतही होतं. उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. पण मोठा आवाज होण्याआधी छोटा आवाज केला, तर निरोगी प्राणी कमी दचकतो, तसे हे उंदीर सावरत नव्हते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत हीच क्षमता कमी झालेली दिसते. पेशींच्या पातळीवर चेतासंधींतून आपोआप निसटणारे संदेश वाढले होते. मग २०१८ मध्ये डेव्हिड बार्टेल यांच्या प्रयोगशाळेने या जाळ्यात सिरानो हा एक लांब, सरळ आरएनएही आहे हे दाखवलं. तो मिआर-७ला नष्ट करतो. सिरानो नसला तर मिआर-७ भरमसाट वाढतो आणि सीडीआर१एएस मोडला जातो. हे तिन्ही आरएनए एकमेकांना धरून आहेत आणि त्यांतला एकही प्रथिन बनवण्यासाठी तिथे नाही.

आठवणींशी याचा थेट संबंध ऑस्ट्रेलियातून आला. क्वीन्सलँड विद्यापीठात टिमोथी ब्रेडी यांचा गट उंदरांच्या भीतीवर काम करतो. आवाज आणि पाठोपाठ सौम्य विजेचा झटका, असं काही वेळा झालं, की उंदीर नुसत्या आवाजाने थिजतो. मग झटक्याविना तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की भीती उतरते. ही उतरलेली भीती पुसलेली नसते, कारण काही काळाने ती आपोआप परत येऊ शकते. ‘आता धोका नाही’ हे वेगळं, नवं शिक्षण असतं. मेंदूच्या पुढच्या भागातल्या इन्फ्रालिंबिक पट्ट्यात, चेतासंधींच्या आसपास, सीडीआर१एएस कमी केलं, तर हे नवं शिक्षण बसत नाही, असं २०२३ साली त्यांनी मांडलं.

इथे दोन वेगळी वर्तुळं आहेत, दोन वेगळे प्रयोग आणि दोन वेगळे खंड. पण दोन्हीकडे प्राणी अडला तो जुनं विसरला म्हणून नाही, जुन्यावरून वळता आलं नाही म्हणून. मेंदूतल्या आरएनएंपैकी सर्वांत चिवट रेणू आठवण घट्ट धरून ठेवायला असतील असं वाटावं, आणि हाती यावं की त्यांच्याविना बदलताच येत नाही! क्रिक यांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. पण ‘काय टिकतं’ याच्या शेजारी ‘वळायला काय टिकून राहावं लागतं’ हा प्रश्न मांडावा लागेल, असं मला ठामपणे वाटतं.

याविरुद्ध बोलणाऱ्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. २०२१ मध्ये चुआन शू आणि जियानझी झांग यांनी अनेक सस्तन प्राण्यांची आकडेवारी तपासून म्हटलं, की बहुतेक वर्तुळं ही स्प्लायसिंगच्या चुका आहेत. ते पटण्यासारखं आहे. बरीच वर्तुळं इतकी विरळ असतात, की एका पेशीत सरासरी एक प्रतही भरत नाही. हजारो वर्तुळांच्या याद्या छापून प्रत्येकाला काम चिकटवण्यापेक्षा ज्यांची जागा, प्रमाण आणि सांधा प्राण्याप्राण्यांत टिकून आहे अशा मूठभर वर्तुळांवर वर्षं घालवणं मला जास्त मोलाचं वाटतं. होमर१ आणि सीडीआर१एएस त्या मूठभरांत आहेत.

आणि वय? माशीच्या डोक्यात वयानुसार वर्तुळं साठत जातात हे २०१४ मध्ये दिसलं. २०१६ मध्ये १ महिन्याच्या आणि २२ महिन्यांच्या उंदरांच्या मेंदूंची तुलना झाली आणि तिथेही तेच: म्हाताऱ्या मेंदूत वर्तुळं जास्त. त्याच जनुकांच्या सरळ प्रती मात्र तशा वाढलेल्या नव्हत्या. आता म्हाताऱ्या उंदराला उलटा नियम शिकणं जड जातं. वर्तुळाविना वळता येत नाही आणि म्हातारपणी वर्तुळं भरपूर असूनही वळणं कठीण, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात? साठलेली वर्तुळं चुकीच्या जागी पडून असतील, की निव्वळ मोडता न आलेला कचरा असतील, की त्यांच्याविना म्हातारा उंदीर आणखीच अडकला असता?

मला पाहायचा आहे तो प्रयोग अवघड नाही. २२ महिन्यांच्या उंदरांच्या ऑर्बिटोफ्रॉन्टल भागात होमर१चं एकच वर्तुळ तरुण उंदराच्या पातळीपर्यंत खाली आणायचं, सरळ प्रतींना धक्का न लावता, आणि मग त्यांना त्या पडद्यासमोर बसवून नियम उलटा करायचा. सांध्यावर नेम धरून वर्तुळ कापणारं कॅस१३ हे साधन २०२१ पासून हाताशी आहे. पडदे आहेत, आकृत्या आहेत. उंदीर २२ महिने सांभाळायला लागणारा पैसा आणि धीर मात्र कोणीतरी द्यायला हवा.